म्हशीचं बिल दहा दिवसांत, माझं नव्वद

आमच्या घरात दोन म्हशी आहेत आणि एक लेखिका. म्हशींचं दूध सकाळी पेठेत रतीबाला जातं, उरलेलं डेअरीला. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी बाबांच्या खात्यावर जमा होतं, फॅट बघून, पैशापर्यंत हिशेब लावून. लेखिकेला पहिल्या मोठ्या कामाचे पैसे मिळायला नव्वद दिवस लागले. तेव्हा आई म्हणाली होती, "त्यापेक्षा तिसरी म्हस घेतली असती."

शिवाजी विद्यापीठातून एम.ए. झाले आणि नोकरी शोधता शोधता एका एजन्सीचं भाषांतराचं काम मिळालं. बाहेरगावची एजन्सी, सगळं फोनवर. दर शब्दाला 30 पैसे. गृहकर्ज, पित्तावरचे उपाय, पावसाळ्यात गाडीची काळजी, असले इंग्रजी लेख मराठीत करायचे. मी आनंदानं हो म्हटलं. मोजणी कुठल्या शब्दांची, हे विचारायचं सुचलंच नाही.

मोजणी मराठी शब्दांची होती. आता बघा, ‘इन फ्रंट ऑफ द हाऊस’ म्हणजे पाच शब्द, दीड रुपया. त्याचं मराठी ‘घरासमोर’. एक शब्द, 30 पैसे. आपण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दाला चिकटवून लिहितो, त्यामुळं मजकूर तेवढाच राहतो आणि शब्द घटतात. म्हणजे जितकं चांगलं, आटोपशीर मराठी लिहावं तितके पैसे कमी. एकदा रात्री दीड वाजता ‘घरा च्या समोर’ असं तोडून लिहायचा मोह झाला होता. लिहिलं नाही. व्याकरण शिकवणाऱ्या बाई डोळ्यांपुढं आल्या. आता भाषांतराचा दर ठरवताना पहिलं वाक्य हेच असतं: मोजणी मूळ इंग्रजी मजकुरावर.

(त्या एजन्सीतला मुलगा पहिले पंधरा दिवस गोंधळलेला होता. मी फोनवर ‘उद्या पाठवतो’, ‘बघून सांगतो’ म्हणायची. आमच्या कोल्हापुरात पोरी असंच बोलतात. ‘पाठवते’ म्हटलं की घरात कुणीतरी विचारतं, पुण्याला जाऊन आलीस काय?)

दुसरं काम गावातलंच. उद्यमनगरात बाबांच्या तालमीतल्या ओळखीच्या एका काकांची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, त्यांना वेबसाइटसाठी मजकूर हवा होता. जिना चढून ऑफिसात गेले. खाली ग्राइंडरचा आवाज, टेबलाच्या काचेवर काळ्या वाळूचा बारीक थर, बोट फिरवलं तर नाव लिहिता येईल एवढा. घरून निघताना आकडा पाठ केला होता, 15 हजार. रिक्षात दोनदा पुटपुटलेसुद्धा. चहा आला, काका म्हणाले, "बोल पोरी, काय द्यायचं तुला?"

आणि मी म्हणाले, "काका, तुम्ही द्याल ते."

काकांनी पाच हजार म्हटलं. त्यांची चूक नाही, त्यांनी मनात येईल तो आकडा सांगितला. काम चौदा पानांचं होतं. शेल मोल्डिंग म्हणजे काय, कास्टिंगमध्ये ब्लो होल कसे पडतात, हे कळायलाच तीनदा खाली कारखान्यात उभी राहिले. एकूण अकरा दिवस गेले. त्यात काकांचे जावई बंगळूरहून फोन करून म्हणायचे, जरा ‘पंची’ करा. तीनदा पंची केलं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं कितीला ठरलं. सांगितलं. ते धार काढत होते, हात थांबला नाही. "दूध घालताना मी कधी म्हटलंय गिऱ्हाइकाला, तुमी द्याल ते?"

पुढचे तीन महिने मी काकांना दर पंधरा दिवसांनी मेसेज करायची. ‘नमस्कार काका, जमल्यास पेमेंटचं बघावं.’ त्या ‘जमल्यास’ची आज लाज वाटते. काका अंगठा दाखवायचे, म्हणजे इमोजी. मी मनात त्यांना चिक्कू म्हणायची, तालमीची ओळख कशाला काढली म्हणून बाबांवरही चिडायची.

शेवटी बाबांनीच विचारलं, "बिल दिलंस?"

"कसलं बिल? त्यांना माहिताय की किती द्यायचेत."

"आगं, म्हैन्याचं कार्ड हातात दिल्याबिगार मी पैसं मागाय गेलोय का कवा?"

बाबांचं रतीबाचं कार्ड म्हणजे एकतीस चौकटींचा पुठ्ठा, दिवसाला एक. रोज त्यात अर्धा, एक, दीड असं लिटर लिहायचं. गिऱ्हाईक गावाला गेलं की त्या चौकटीत फुली, म्हणजे खाडा. एक तारखेला बेरीज मारून कार्ड दारात द्यायचं आणि पाच तारखेला पुन्हा जायचं. ते कधी ‘जमल्यास’ म्हणत नाहीत. ‘वैनी, कार्ड बघितलं न्हवं?’ एवढंच.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीत गेले, पण जिना न चढता खालच्या केबिनमध्ये, अकाउंटंटकडं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, सायबांनी मला सांगितलंय दोन महिन्यापूर्वीच. पण बिल कुठाय? बिलाशिवाय खर्च कशावर टाकू मी?" तिथंच फुलस्केप मागून घेतला. नाव, पत्ता, पॅन, तारीख, बिल नंबर 1, कामाचं वर्णन, रक्कम अंकी आणि अक्षरी, खाते नंबर, आयएफएससी, सही. जीएसटी नंबरची जागा कोरीच, कारण सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की तो घ्यावा लागतो, आणि आपण त्या गावचे नव्हे. तिसऱ्या दिवशी पैसे आले. काकांना तर वाटत होतं ते कधीच गेलेत.

मग मी अंग मोडून शिकले. पुढचं गिऱ्हाईक पन्हाळ्याकडचे गूळ करणारे. सेंद्रिय गुळाची पावडर, आल्याचा गूळ, वेलदोड्याचा, अशा पुड्या करून विकतात. बारा पानांचे मी 24 हजार सांगितले. सांगितले आणि गप्प बसले. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, जिभेवर ‘कमी-जास्त करू’ आलेलंच असतं. ते म्हणाले, "लईच हुतंय ओ." मी म्हणाले, "मग आठ पानं करू, 16 हजार." पानाचा दर तोच ठेवला, पानं काढली. त्यांनी कुठली चार पानं काढायची ते मोजायला घेतलं, दोन मिनिटं मोजलं, आणि म्हणाले, "असू दे बाराच." निम्मे इसार म्हणून आधी घेतले. इसार हा शब्द त्यांना बरोबर समजला. आधीच्या एका ठिकाणी ‘ॲडव्हान्स’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा पडला होता. व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकल्या: पानं बारा, दुरुस्त्या दोन वेळा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, उरलेले निम्मे मजकूर दिल्यापासून 15 दिवसांत. खाली त्यांचं ‘ठीक आहे’. त्याचा स्क्रीनशॉट ठेवला.

सीए करणाऱ्या मामेभावाच्या सांगण्यावरून उद्यम नोंदणीही केली, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. आधार-पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. पैसे मागणाऱ्या साइट्स वेगळ्या, त्यांच्या नादी लागू नका. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत, करार नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. व्याज मागायची माझी अजून छाती झालेली नाही. पण 2024 पासून दुसरीच गंमत आहे. आमचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च त्या कंपनीला करातून वजा करता येत नाही. त्यामुळं गेल्या मार्चमध्ये एका कंपनीच्या अकाउंटंटनं आपणहून फोन केला, "मॅडम, तुमचं काही बाकी आहे का हो?" मी फोन कानापासून लांब धरून नंबर परत बघितला.

त्याच कंपनीनं वर्षभरात 10 टक्के कापून घेतले म्हणून मी भांडायलाही निघाले होते. तो टीडीएस होता, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. आयकर खात्याच्या फॉर्म 26 एएसमध्ये माझ्या नावावर जमा दिसला, विवरणपत्र भरल्यावर परत आला. भांडण वाचलं.

त्या 30 पैसेवाल्या एजन्सीकडं मात्र शेवटच्या 28 लेखांचे 4,200 रुपये अडकलेत. बिल दिलं, दोनदा आठवण दिली, इंग्रजीतून एक कडक मेलही टाकला. मध्यंतरी तिथल्या नव्या मुलीचा मेसेज आला, दिवाळीचे 40 लेख आहेत, घेणार का? मी जुनं बिल जोडून लिहिलं, हे जमा झालं की सुरू करतो.

‘करतो’च लिहिलं. अजून दोन निळ्या रेघा तेवढ्या दिसतायत. बाबांचा जुना पुठ्ठा मागून घेतलाय, त्यात एजन्सीच्या नावापुढं रोज एक फुली मारते. आज सव्विसावी.