गाडी मीच चालवत होतो, तरी क्लेम मिळाला (माझा अनुभव)

मी रावेर तालुक्यातला, केळीच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. नोव्हेंबर २०२१ मधे सुरतला माल घेऊन चाललो होतो, पारोळ्याच्या पुढे रात्री रानडुक्कर आडवं आलं, ब्रेक मारला आणि गाडी पलटी. डाव्या पायात रॉड टाकला. दवाखान्यात जो भेटायला यायचा तो एकच बोलायचा, चूक तुनीच शे भाऊ, समोर दुसरी गाडी नाही तर क्लेम कोणावर करशील? सहा महिने मी पण तेच धरून बसलो होतो, बायकोचे दागिने गहाण गेले तरी.

मग गावातल्या एका आप्पांनी जळगावच्या वकिलाकडे नेलं. ते म्हणे अपघात ट्रिब्युनलला (मोटार अपघाताच्या दाव्यांचं कोर्ट) गेलास तर समोरच्याची चूक दाखवावी लागेल, पण १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा आहे त्यात तसं नाही, कामावर असताना कामामुळे लागलं एवढं पुरे, दारू पिलेला मात्र नको. आणि मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी कायद्यानेच धरलेली असते. मी इतकी वर्षं स्टेअरिंगवर, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!

ट्रिब्युनल आणि हा कायदा, दोन्हीकडे क्लेम चालत नाही, एकच निवडायचा, आणि अर्ज दोन वर्षांच्या आत. मालक बुऱ्हाणपूरचा, मला वाटलं आता एमपीत खेटे घालावे लागतील, पण आपण राहतो तिथलं कोर्ट चालतं, म्हणून जळगावलाच केस टाकली. मालकाने त्याआधी स्टॅम्पवर सही मागितली होती, पन्नास हजार घे आणि विषय संपव. वकील म्हणे हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकतच नाही. बरं झालं सही केली नव्हती.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो नोकरी सिद्ध करायला. पगाराची स्लिप नाही, हजेरी नाही, इन्शुरन्सवाले म्हणे हा गाडीमालकाचा माणूसच नाही. मी बिल्ट्या (मालासोबतच्या ट्रान्सपोर्टच्या पावत्या) शोधल्या, ज्यावर ड्रायव्हर म्हणून माझं नाव होतं, आणि मोबाईलवर मालकाने दरमहा टाकलेले १२,००० दिसत होते, ते कामाला आलं. प्रवासाचा भत्ता पगारात धरत नाहीत हे पण तेव्हाच कळलं. ड्रायव्हर भावांनो, बिल्टीचा फोटो काढूनच निघत जा, खरंच सांगतो.

दुसरं भांडण टक्क्यांचं. डॉक्टरांनी शरीराचं अपंगत्व कमी लिहिलं होतं, पण पैसे कमाई किती बुडाली त्यावर ठरतात, आणि डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. डॉक्टर स्वतः येऊन साक्ष देऊन गेले, कोर्टाने ५० टक्के धरलं. हिशोब असा, १२,००० चे ६० टक्के म्हणजे ७,२००, वय ३५ चा कायद्याच्या तक्त्यातला आकडा १९७.०६, गुणाकार १४,१८,८३२ आणि त्याचं अर्धं ७,०९,४१६. वर १२ टक्के व्याज, ते पण इन्शुरन्सवालेच देणार. पैसे उशिरा दिल्याचा दंड लागला असता तर तो मालकाच्या अंगावर.

केस जुन्या कायद्यात चालली, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे नवीन अपघात असेल तर वकिलाला अर्जाची मुदत आधी विचारा.

पैसे कोर्टात जमा झाले, तिथून खात्यात. त्याच आठवड्यात बायकोची पोत सोडवून आणली.