पोसोन पौर्णिमेला मिहिंतलेच्या वाटेवर

ज्येष्ठ पौर्णिमेला आपल्याकडे वटपौर्णिमा असते. श्रीलंकेत तो पोसोनचा दिवस. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात याच पौर्णिमेला सम्राट अशोकांचे पुत्र महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) मिहिंतलेच्या डोंगरावर आले आणि शिकारीला निघालेला राजा देवानंपिय तिस्स त्यांना तिथे भेटला, असे महावंस हा श्रीलंकेचा प्राचीन पाली इतिहासग्रंथ सांगतो. अनुराधपूरहून तो डोंगर सुमारे 13 किलोमीटर आहे. गटातील बहुतेकांनी बस धरली; आम्ही काही जण तिथल्या महाबोधी वृक्षाला वंदन करून पायी निघालो. न्याहारीच्या घोळात निघायलाच उशीर झाला होता आणि ऊन चढू लागले होते, त्यामुळे पहिला तासभर माझ्या मनात धम्मापेक्षा चिडचिडच अधिक होती.

चालत जाण्याचा माझा हट्ट मात्र जुना होता. तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या तिसऱ्या धर्मसभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी ज्यांना दिशोदिशी पाठवले, त्यांची यादी महावंसात आहे: महिंद लंकेला गेले, योनक धम्मरक्खित अपरांतात म्हणजे आपल्या कोकणपट्टीत आले, आणि महाधम्मरक्खित महारट्ठात. एकाच वेळी निघालेला धम्म लंकेत घराघरांत टिकला आणि आपल्याकडे लेण्यांमध्ये दगड होऊन राहिला. भिक्खूंची परंपरा तिथेही खंडित झाली होती, 1753 मध्ये उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, सयामहून (आजच्या थायलंडहून) आणावी लागली. तरीही पौर्णिमेला पांढरे कपडे घालून अष्टशील घेणारे लोक होतेच. आमच्या घरात बुद्धवंदना आली ती 14 ऑक्टोबर 1956 नंतर, नागपूरला दीक्षा घेऊन परतलेल्या आजोबांबरोबर. त्या वाटेवर मला हेवा वाटत होता, आणि हे आपलेही आहे, असा हक्कही.

दुपारपर्यंत उजव्या टाचेचा फोड फुटला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दानसाला, म्हणजे मोफत अन्नदानाचे मांडव, लागलेल्या होत्या. कुठे भात आणि डाळ, कुठे सरबत, आणि प्रत्येक ठिकाणी कर्ण्यावरून या, जेवा, असा पुकारा. तो आवाज मला सहन होईना. एका दानसालेच्या कडेला मी चप्पल काढून बसले, तेव्हा पातेली घासत असलेली एक वृद्ध बाई हात पुसत उठली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने घमेल्यात पाणी आणले आणि मी पाय मागे घेत असतानाही तो धरून, बोटांच्या बेचक्यांतली धूळसुद्धा काढत, सावकाश धुतला. मग स्वच्छ पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून टाचेभोवती बांधली, गाठ सैल आहे की घट्ट हे माझ्या चेहऱ्याकडे पाहून ठरवले, आणि भाताचे ताट हातात दिले. आमच्या आजीपिढीने गावात पाण्यासाठी काय सोसले हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला घास गिळेना. महादाठिक महानाग या प्राचीन लंकेच्या राजाने गिरिभंड पूजा नावाच्या उत्सवाच्या वेळी कदंब नदीपासून या पर्वतापर्यंत गालिचे अंथरले होते, लोकांनी धुतलेल्या पायांनी चालत यावे म्हणून. ती कथा मला राजाच्या वैभवाची वाटत आली होती. आता ती पायांची वाटते.

पायथ्याचे प्राचीन रुग्णालय, कंटक चेतिय या स्तूपावरचे कोरलेले हत्ती आणि नाग, सगळे गर्दीच्या ओघात मागे गेले. चाफ्याच्या झाडांखालून वर जाणाऱ्या 1840 पायऱ्यांपैकी मी थांबले ती भोजनशाळेपाशी. भातासाठी आणि पेजेसाठी कोरलेल्या लांबलचक दगडी डोणी तिथे आहेत, आणि जवळच चौथ्या महिंद राजाचे दहाव्या शतकातले दोन शिलालेख उभे आहेत. त्यांत भिक्खूंचे नियम आहेत, विहारात राबणाऱ्यांचा मोबदला आहे, हिशेब कसा ठेवावा हेही आहे. स्तूपापेक्षा मला हे दगड अधिक मोलाचे वाटतात, कारण राबणाऱ्याचा वाटा लिहून ठेवण्याइतकी काळजी इथे कोणीतरी घेतली होती.

अंबस्थळ स्तूपाच्या आवारात अनवाणी जावे लागते आणि उन्हाने फरशी तापलेली होती. इथेच महिंदांनी राजाला आंब्याचे झाड दाखवून विचारले होते: याखेरीज आणखी आंबे आहेत का, आंब्याखेरीज इतर झाडे आहेत का, आणि ते सगळे सोडून आणखी एखादे झाड आहे का? राजाने उत्तर दिले, हेच आंब्याचे झाड. मग त्याला चूळहत्थिपदोपम सुत्त, म्हणजे हत्तीच्या पावलाची उपमा देणारे बुद्धवचन, ऐकवले गेले. ऐकणाऱ्याची बुद्धी आधी पारखून घेणारा असा उपदेशक मला फार आदरणीय वाटतो.

फुले वाहताना शेजारच्या कुटुंबाने ‘वण्णगन्धगुणोपेतं’ सुरू केले. तीच गाथा आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी होते; चाल निराळी, शब्द तेच. मी माझ्या चालीत म्हणू लागले, त्यांनी आवाज थोडा उतरवून मला सामावून घेतले, आणि गाथा पुरी होण्याआधीच स्वयंसेवकाने पुढे सरका म्हणून आम्हाला हलवले. मला राग आला. बरोबरचे लोक आराधना गल या खडकावर चढायला गेले. मी ओंजळीत उरलेली फुले घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.