बायोगॅसची स्लरी: आधी पाण्याची सोय बघा

बायोगॅस बसवताना सोसायटीत पहिला प्रश्न असतो, गॅस किती मिळेल? स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला, किती निघेल, हे कुणी विचारत नाही. 100 किलो ओला कचरा तेवढ्याच पाण्यात कालवून टाकला, तर रोज 185 लिटरच्या आसपास स्लरी बाहेर येते. त्यात सुका ऐवज जेमतेम 8-10 किलो, बाकी सगळं पाणी. मुंबईत ते जिरवायला माती कुठे आहे? मग ते सरळ गटारात सोडतात आणि झाडांना हवं असलेलं नत्रही त्याबरोबर जातं. याचं फार वाईट वाटतं.

एक उपाय लगेच करता येतो. कचरा कालवायला निम्मं पाणी नळाचं आणि निम्मं गाळलेल्या स्लरीचं घ्या. सगळंच स्लरीचं घेऊ नका. टाकीत अमोनिया आणि क्षार साठत जातात आणि गॅस घटतो.

गाळायला जाडं गोणपाट बरं, बारीक कापड तासाभरात तुंबतं. वरचा गाळ सुक्या पाल्यात मिसळा. रेन ट्रीची बारीक पानं तशीच चालतात. आंबा, फणस, बदामाची चिवट पानं श्रेडरमधून, म्हणजे पाला बारीक करणाऱ्या यंत्रातून, काढावी लागतात. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांमध्ये ओल दिसावी, पण पाणी ठिबकू नये. नाकाला झोंबणारा वास आला तर पाला कमी पडलाय, नत्र उडून चाललंय. आठवड्याला एकदा उलथंपालथं केलं की दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं.

गाळून निघालेलं पाणी कुंड्यांना द्यायचं तर दसपट पातळ करून, पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, मातीवरच. शिजलेल्या अन्नातलं मीठ यात उतरतं. पानांची टोकं करपली तर काही दिवस नुसतं पाणी द्या. शंका असेल तर दहा मेथीदाणे साध्या पाण्यात आणि दहा या पातळ केलेल्या पाण्यात भिजवून ठेवा. चौथ्या दिवशी मोड बघून कळतं.

स्लरीला आंबूस वास येत असेल तर ती कच्ची आहे. टाकीत दोन-तीन दिवस कचरा घालू नका.

ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या निसर्गऋण पद्धतीत कचरा आधी गरम पाणी घालून, हवा देऊन कुजवतात. साध्या एका टाकीच्या संयंत्रात ही गरम पायरी नसते, रोगजंतू उरू शकतात. त्यामुळे त्यातली स्लरी कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खायच्या पाल्याला नको.

पावसाळ्यात कुंड्यांना ती लागतच नाही. तेव्हा जूनच्या आधी खताच्या ढिगावर पत्रा घाला आणि सुका पाला उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवा.