तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेपची, म्हणजे ई-सिगरेटची, कॉइल का बनवून देत नाही

"तुला येतं ना, मग एक कॉइल मारून दे की, दहा मिनिटांचं तर काम." हे मी रबाळे स्टेशनवर ऐकलंय, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ऐकलंय, एका लग्नात हातात अक्षता घेऊन उभा होतो तेव्हासुद्धा ऐकलंय. आधी हसून टाळायचो, मग वेळ नाही म्हणायचो, मग तार संपली म्हणायला लागलो. तार संपलेली नाही, कांथलचं, म्हणजे कॉइलच्या तापणाऱ्या तारेचं, अख्खं रीळ पडलंय घरात. तर आता एकदाच नीट लिहितो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवेन.

दहा मिनिटांचं काम आहे हे मान्य. 26 गेजची कांथल, 3 मिलिमीटरच्या रॉडवर 6 वेढे, तारेचे पाय, म्हणजे दोन टोकं, पोस्टच्या भोकांत घालून स्क्रू आवळले की रेझिस्टन्स साधारण 0.8 ओम येतं. एखादा वेढा बाकीच्यांआधीच लाल होत असेल तर कमी वॅटवर पल्स करत, म्हणजे बटण थोडं थोडं दाबत, चिमट्याने वेढे सारखे करायचे (सिरॅमिकचा चिमटा, स्टीलचा लावून बटण दाबणारे महाभागही बघितलेत), मधून बाहेरच्या बाजूला सारखी लाल होत गेली की झालं. खरं डोकं तारेत जातच नाही, कॉइलमध्ये ओवून लिक्विड ओढणाऱ्या कापसात जातं. घट्ट भरला तर लिक्विड चढत नाही आणि घशात जळका कापूस येतो, सैल भरला तर खालून गळतं आणि खिसा चिकट. ज्याच्या लिक्विडमध्ये व्हीजी (ग्लिसरीन) जास्त, म्हणजे जाड, त्याला कापूस मोकळाच लागतो. हे तुमचा अ‍ॅटमायझर (कॉइल-कापूस बसतात तो वरचा भाग) न बघता मी कसं ठरवू? बरं, थोड्या दिवसांनी कापूस काळा झाला, स्क्रू तापून गार होऊन ढिला झाला, ओम उड्या मारायला लागले, की फोन कोणाला? मलाच. म्हणजे तुम्हाला कॉइल नकोय, फुकटचा मेकॅनिक हवाय.

पण हे झालं आळसाचं कारण. खरं कारण माझा मावसभाऊ.

2019 च्या सप्टेंबरात ई-सिगरेट बंदीचा अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला, ते सगळं तुम्हाला माहितीये. मधल्या दिवाळीत, भाऊबीजेला, तो ऐरोलीहून आमच्याकडे कळव्याला आला. जेवणं झाली आणि मला गॅलरीत नेऊन त्याने खिशातून एक पितळी मेकॅनिकल मॉड, म्हणजे चिप नसलेली नुसती बॅटरीची नळी, काढला, कोणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला. म्हणे, "दादा, कधी लागतो कधी लागत नाही, आणि खालचं बटण चटका देतंय, कॉइल बदलून दे ना, 0.1 च्या आसपास मार, क्लाउड मस्त येतो."

मी अ‍ॅटमायझर काढून मीटरवर लावला. 0.15, हलवला की 0.11, परत 0.19. एका बाजूचा स्क्रू ढिला होता आणि कॉइलचा एक पाय डेकला, म्हणजे खालच्या बैठकीला, घासत होता. इथपर्यंत ठीक आहे, असली दुरुस्ती मी झोपेतही करेन. मग खाली बघितलं. मॉड हायब्रीड, म्हणजे बॅटरीचं प्लस थेट अ‍ॅटमायझरच्या पिनला टेकणार, मध्ये काही नाही. अशा वेळी पिन आट्यांच्या बाहेर डोकावलीच पाहिजे, आणि याची पिन सपाट, आट्यांच्या बरोबरीत. आटे म्हणजे मायनस. बॅटरीचं प्लस त्यांना टेकलं आणि बटण दाबलं की डेड शॉर्ट, ना चिप ना फ्यूज. आणि बॅटरी काढली तर तिचं प्लास्टिकचं कव्हर वरच्या कडेला फाटलेलं. या 18650 साइजच्या बॅटरीचा बाहेरचा डबा अख्खा मायनस असतो, तो नळीला टेकला की बटणाचीही गरज नाही, खिशातल्या खिशातच सर्किट पूर्ण. आणि समजा यातलं काही झालंच नाही, तरी 4.2 भागिले 0.11 म्हणजे 38 अँपिअर, चांगल्या कंपनीच्या बॅटऱ्या वीस-तीसपर्यंत जातात, हिच्यावर तर धड नाव पण नव्हतं. आणि हे घेऊन तो ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभा राहून आला होता.

मी बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेप लावली आणि ती माझ्या कपाटात ठेवली. मॉड देतो, बॅटरी देत नाही म्हटलं. त्याला आधी गंमत वाटली. मग आवाज चढला. "तू कोण ठरवणारा? सिगरेट सोडायला हे हातात तूच दिलंस ना?" मावशी आतून विचारतेय काय झालं, ताई मध्ये पडतेय, आणि मी सगळ्यांना ओहमचा नियम समजावतोय. तो चप्पल घालून निघून गेला, ताईने भरलेला फराळाचा डबा टेबलावरच राहिला. नवीन वर्ष लागेपर्यंत तो परत सिगरेटवर होता. मावशी अजून म्हणते, "तुझ्या त्या मशीनवर होता तेव्हा बरा होता रे, निदान कपड्यांना वास तरी नव्हता."

2017 मधला मी या सगळ्यावर चिडला असता. तो गच्चीवर बसून अर्ध्या डिपार्टमेंटला कॉइल बनवून द्यायचा, म्हणायचा माणसं सिगरेटपासून सुटतायत, आणि काही जण सुटलेही. (तब्येतीला चांगलं असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो, निकोटीन ते निकोटीन.) तो जुना मी मला आज विचारतो, बॅटरी काढून घेतलीस ते ठीक, पण तुझाच एक चिपवाला मॉड आणि 0.8 ची साधी कॉइल भावाच्या हातात का नाही ठेवलीस? मी सांगतो, बंदी होती, देणंघेणं कायद्यात बसत नव्हतं. तो म्हणतो, कायद्याच्या मागे लपतोयस. थोडा लपतोयच. पण दिला असता आणि त्याने महिन्याभरात तोच अ‍ॅटमायझर काढून दुसऱ्या कुठल्या तरी नळीवर चढवला असता तर? हा वाद मी कितीदा घातलाय, जिंकलेलं कोणीच नाही.

लोक म्हणतात माज आलाय. माज असता तर 2018 च्या थर्माकोल बंदीच्या आधी सोसायटीच्या गणपतीच्या मखरासाठी नायक्रोमची तार लावून कटर मी दरवर्षी कशाला जोडून दिला असता? तो कटर टेबलावर असायचा, त्याला ट्रान्सफॉर्मर होता आणि शेजारी मी उभा असायचो. तुमच्या खिशात मी उभा राहू शकत नाही.

शिकायचं असेल तर या, खरंच या, मीटर माझा वापरा, कापूस पण देतो. परवा एक जण "येतो" म्हणाला, खूश झालो, म्हटलं येताना बॅटरी पण घेऊन ये, आधी ती बघू. म्हणाला, "कॉइल शिकायचीये ना, बॅटरीचा काय संबंध?"