सहीच्या आधी

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. डॉक्टर बाईंनी स्टेथोस्कोप दोनदा छातीवर फिरवला आणि चिठ्ठीवर 'मर्मर', म्हणजे हृदयात जादा आवाज, असं लिहून दिलं. घाटी चढताना तिला दम लागायचा. आम्ही समजत होतो, खात नाही म्हणून. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला १६ मिलिमीटरचं भोक आहे. मग देवगड-मुंबई फेऱ्या, मंजुरी, कागदपत्रं. पथकातल्या लोकांनी फोन करकरून सगळं मार्गी लावलं, त्यांचे उपकार आहेत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी भोक बुजवायची नमुन्याची चकती माझ्या तळहातावर ठेवली. नायटिनॉलच्या, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या, केसासारख्या तारांची जाळी. दोन बाजूंना दोन चकत्या, मधे आखूड कंबर, आत पॉलिएस्टरचं कापड. दोन्ही टोकं धरून ओढली तर सुंभासारखी लांब झाली. एक टोक सोडलं, पुन्हा होती तशी. मांडीच्या शिरेतून नळी वर न्यायची, भोकातून पलीकडे घालायची, आधी डावीकडची चकती उघडायची, मग उजवीकडची. हलकेच ओढून बघायचं, घट्ट बसली असेल तरच पेच सोडायचा.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे, जनावरांतच दिवस जातो. तोंडातून प्रश्न गेलाच, "हे आधी कोणात घालून बघितलं?"

"डुकरांत," डॉक्टर म्हणाले. "त्याच्याही आधीचं उपकरण कुत्र्यांत."

त्यांनी बसवून सांगितलं. अमेरिकेत किंग आणि मिल्स या दोन डॉक्टरांनी छत्रीसारखं उपकरण आधी कुत्र्यांत वापरलं, आणि १९७५ साली पहिल्यांदा एका १७ वर्षांच्या मुलीत. हातातल्या चकतीसारखी जाळी कर्ट अँप्लाट्झ या डॉक्टरांच्या गटाने डुकरांत तपासली. ते निष्कर्ष १९९७ साली छापून आले. डुकराचं हृदय आकाराने माणसाच्या जवळचं. पण निरोगी डुकराला असं भोक नसतं, ते पाडावं लागतं: पडद्याला सुईने टोचायचं, फुग्याने रुंद करायचं, मग चकती बसवायची. पुढे ठरलेल्या मुदतीने जनावर मारून हृदय उघडायचं. तीन महिन्यांत तारांवर हृदयाचं अस्तर चढलेलं दिसलं.

ते अस्तर मी ओळखतो. मेलेल्या शेळ्यांची शवविच्छेदनं कित्येकदा केलीत. हृदय चिरलं की आतून ओलसर, चकचकीत, बोटाला गुळगुळीत लागतं. अस्तर चढेपर्यंत धातू उघडा, त्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून सहा महिने अ‍ॅस्पिरिन. गोळीचा तो हिशोब कुठून आला, हे मला त्या खुर्चीत कळलं.

मग जनावरात जे दिसलं नाही त्याचं काय, हेही विचारलं. त्यांनी टाळलं नाही. निरोगी डुकरात पाडलेलं भोक आणि पोटातून घेऊन आलेलं भोक एक नव्हे. भोवतालची कड मुलागणिक वेगळी. चकती घासून हृदयाची भिंत झिजण्याचा धोका, दुर्मीळ पण गंभीर, माणसांत वापर वाढल्यावरच नीट लक्षात आला. म्हणून नंतरचे एको चुकवायचे नाहीत. एवढं ऐकून मी संमतीच्या कागदावर सही केली. आपल्याकडे अशा प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीचे नियम आहेत, भूल द्यावीच लागते, हे मला ठाऊक होतं. तरी त्या रात्री झोप आली नाही.

चकती नीट बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आईला सगळं सांगितलं तर ती पाखडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "त्या जनावराक कोणी इचारल्यान रे?" मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही.

सहा महिन्यांनी एको स्वच्छ आला, गोळी थांबली. नवस फेडायला देवळात गेलो. गावकार गाऱ्हाणं घालत होते, पोरीचं नाव घेतलं, डॉक्टरांचं घेतलं. आई पुढे झाली, त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. ते क्षणभर थांबले, आणि मग मोठ्याने म्हणाले, जी मुकी जनावरं या पोरीसाठी गेली, त्यांकाय तुझ्या पायाशी जागा दी रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. पोरगीही.