तुम्ही विचारलंत म्हणून: माफ केलं तर पोरं डोक्यावर बसत नाहीत?

नाशिकच्या सातपूरला नोकरीत होतो तेव्हा डबा खाताना, आणि आता शरणपूर रोडला संध्याकाळी फिरताना, मी ख्रिस्ती म्हणून हा प्रश्न ठरलेला. "तुमच्यात सगळं माफ करायचं असतं ना? मग पोरं डोक्यावर बसत नाहीत?" चर्चमधले तरुण बापही तेच विचारतात, फक्त सोबत बायबलातल्या नीतिसूत्रांचा तेरावा अध्याय आणतात: छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी.

पहिली गोष्ट, काही न बोलणं म्हणजे दया, हे बायबलला मान्य नाही. शिलोच्या मंदिराचा याजक, म्हणजे पुजारी, एली घ्या. त्याची मुलं लोकांच्या अर्पणाचं मांस दांडगाईने उचलायची. एलीने म्हातारपणी चार शब्द सुनावले, पण पोरांना आवरलं नाही, आणि देवाने त्याचा ठपका बापावर ठेवला. असे एली मी आपल्या नाशकातही बघतो. पोराच्या हातात लायसन्स नसताना गाडीची किल्ली देतात आणि वर म्हणतात, "जाऊ द्या हो, लहान आहे."

आता येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, लूकच्या पुस्तकातला पंधरावा अध्याय. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी देतो; थोरला रागावून घराबाहेरच थांबतो, तेव्हा बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. त्यातलं बापाचं धावणं सगळ्यांना पाठ असतं. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं, त्यामुळे माझी नजर आधी वाटणीवर जाते. बायबलात 'अनुवाद' नावाचं नियमांचं पुस्तक आहे, त्याच्या एकविसाव्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. म्हणजे दोन मुलगे असतील तर धाकट्याला एक तृतीयांश. तो त्याने बाप जिवंत असताना मागून घेतला आणि उडवला. परत आल्यावर त्याला काय मिळालं? झगा, अंगठी, जोडे, पोसलेलं वासरू. शेत मिळालं नाही. उरलेलं सगळं तुझंच आहे, असं बाप थोरल्याला स्पष्ट सांगतो. मुलगेपण पूर्ण परत मिळालं, सातबारा मात्र बदलला नाही. माझ्या प्रश्नकर्त्यांना हवं असलेलं उत्तर बरंचसं इथेच आहे.

आणि धावणं? त्याच एकविसाव्या अध्यायात, वाटणीच्या लगेच पुढे, हट्टी मुलाला गावाने दगडमार करावा असा नियम आहे. मला वाटतं, गाव पोचायच्या आत पोचायचं म्हणून बाप धावला. हा माझा अंदाज, पाळकसाहेबांच्या माथी मारू नका.

आमच्या लोकांना हा दाखला जास्त लागतो, त्याला कारण आहे. शरणपूरची मिशन वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथे राहिली, हाताची कामं शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत वारलेला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवासोबत लंडनपर्यंत गेला. त्या मुलांना बापाच्या दारी परतायचा रस्ताच उरला नव्हता. त्या काळात बाप्तिस्मा घेतलेल्या कितीतरी मराठी तरुणांचं घरच्यांनी जिवंतपणी श्राद्ध घातलं. दार उघडं ठेवणारा बाप ही त्या पिढीला नुसती बोधकथा वाटली नसणार.

मी स्वतः मात्र या गोष्टीत थोरला. माझ्या धाकट्या भावाने पप्पांना जामीन ठेवून पतसंस्थेचं कर्ज काढलं, धंदा बुडवला आणि मुंबई गाठली. हप्ते पप्पांच्या पेन्शनमधून जाऊ लागले. नाताळच्या आधी एका संध्याकाळी तो उगवला. आईने मटण टाकलं. मी स्कूटर आत न घेता फाटकाबाहेर बसून राहिलो. राग आला होता आणि तो रास्त होता, आजही मी तेच म्हणेन.

पप्पा बाहेर आले. त्यांनी मला समजावलं नाही, क्षमेवर प्रवचन दिलं नाही. म्हणाले, "तुझं खरं आहे. हप्ते पुढच्या महिन्यापासून तो भरणार, मी त्याला सांगितलंय. आता आत चल, तू आल्याशिवाय मी पानावर बसत नाही." नंतर कधीतरी मी छेडलं तेव्हा म्हणाले, "१०३व्या स्तोत्रातलं तेरावं वचन सगळे वाचतात, बाप मुलांवर ममता करतो ते. चौदावं वाच." चौदाव्यात आहे की आपण माती आहोत हे देव आठवणीत ठेवतो. पप्पांनी दोन्ही पोरांची माती ओळखली होती. एकाला हप्ते लावायचे आणि दुसऱ्याला उठून बोलवायला जायचं. दुसरं काम अवघड, कारण शहाण्या मुलाला कशाची गरज आहे हे सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या घरी न सांगता अभ्यास करणारी, भांडी घासणारी मुलगी असेल तर आधी तिच्याकडे बघा, उनाड पोराचं नंतर.

तर डोक्यावर बसतात का? काही बसतात. राजा दावीद, स्वतःविरुद्ध बंड केलेल्या अबशालोम या मुलाला जपा म्हणून सैन्याला सांगत राहिला आणि शेवटी त्याच्यासाठी रडत बसला. दया केली की पोरगा सुधारतोच, अशी हमी मला बायबलात कुठे सापडलेली नाही. माझ्या भावाने हप्ते भरले, दोन-तीनदा चुकवले, पप्पांनी त्याला फोन करून मागितले, त्याने पुन्हा भरले. आणि मी त्या संध्याकाळी आत गेलो का, हे विचारणार असाल तर, गेलो. मटण होतं.