राजवाडा बघा, पण गेटबाहेरचंही बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला कोणी ना कोणी विचारतंच, राजवाडे बघायचेत, उदयपूर करू की जोधपूर. करा की, दोन्ही करा, छानच आहेत. फक्त एक आधीच सांगून ठेवते, उदयपूरच्या तळ्यातला जो पांढरा महाल सगळ्यांच्या फोटोत असतो ते आता हॉटेल आहे, तिथलं बुकिंग नसेल तर आपण लांबून बोटीतून बघायचं आणि परत यायचं. जोधपूरच्या उमेद भवनचं पण थोडंफार तसंच, राजघराणं राहतं तो भाग वेगळा, हॉटेल वेगळं आणि म्युझियम तेवढं आपल्या वाट्याला. बाय द वे उमेद भवन हे दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून काढलेलं बांधकाम, 1929 ला सुरू झालं आणि 1943 ला संपलं, हे मला महालापेक्षा जास्त भारी वाटतं.

पण मला विचाराल तर आधी बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर करा. एक तर गायकवाड, होळकर, शिंदे म्हणजे नावं आपल्या ओळखीची, गाईडने पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं तरी आपल्याला निम्मं आधीच माहीत असतं त्यामुळे प्रश्न विचारता येतात. आणि दुसरं म्हणजे माझा एक हट्ट आहे, राजवाडा नुसता बघायचा नाही, त्याच्या आसपासची एक तरी अशी जागा बघायची जी राजवाड्याच्या तिकिटात येत नाही. आतमध्ये तुम्हाला राजघराण्याने सांगितलेली गोष्ट कळते. उरलेली गोष्ट बाहेर असते.

बडोद्यापासून सुरू करते कारण तिथे माझी मावशी राहते आणि तिच्याकडे गेलं की लक्ष्मी विलास होतोच. मावशी स्वतः मात्र येत नाही, "तुमचं तुम्ही जाऊन या, आम्ही काय रोज राजवाडा बघायचा का" म्हणते आणि आल्यावर सेव-उसळ खायला घालते.

तर लक्ष्मी विलास. सयाजीराव गायकवाड तिसरे म्हणजे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, 1875 ला जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि शेतकऱ्याच्या घरातला मुलगा गादीवर आला. हा राजवाडा त्यांनी बांधून घेतला, 1890 ला पूर्ण झाला. आर्किटेक्ट मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरकरांनो हे नाव लक्षात ठेवा, कारण आपला न्यू पॅलेस पण याच मँटसाहेबाचा, टाऊन हॉल पण त्याचाच आणि सीपीआर हॉस्पिटलची जुनी इमारत पण त्याचीच. मी कोल्हापूरची आहे, लहानपणापासून त्या न्यू पॅलेसच्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून गेलेय, आणि बडोद्याला पहिल्यांदा गेले तेव्हा समोर उभं राहून वाटलं अरे हे बघितलंय की आपण, म्हणजे तेच घुमट, तसाच उंच मनोरा, एखादा भाग हिंदू देवळासारखा, एखादा मुघली, एखादा सरळ इंग्लिश, सगळं एकाच इमारतीत. फरक एवढाच की कोल्हापूरचा काळ्या दगडाचा, गंभीर, आटोपशीर, आणि बडोद्याचा म्हणजे मँटला कोणीतरी सांगितलंय की हात आखडू नको.

मँटबद्दल एक गोष्ट तिथे हमखास ऐकायला मिळते, की त्याला वाटायला लागलं आपलं गणित चुकलंय, ही इमारत कोसळणार, आणि त्या काळजीत त्याचं डोकं फिरलं. खरं किती आणि तिखटमीठ किती देव जाणे. तो 1881 ला वारला एवढं मात्र खरं, त्यामुळे बडोद्याचा राजवाडा पुढे रॉबर्ट चिझमने पूर्ण केला, आणि न्यू पॅलेस सुद्धा 1884 ला झाला म्हणजे बिचाऱ्याने दोन्हीपैकी एकही पूर्ण झालेला बघितला नाही. इमारती अजून ठणठणीत आहेत.

आत फोटो काढू देत नाहीत. सुरुवातीला चिडचिड होते पण खरं सांगू का, त्यामुळे माणसं बघतात तरी. दरबार हॉलची जमीन इटालियन मोझॅकची, व्हेनिसहून कारागीर आणून बसवलेली, आणि खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. सकाळी गेलात तर बरं, ऊन त्या काचांमधून आत आलं की त्या जमिनीवर रंग सांडतात आणि तेव्हा कळतं की पैसा कुठे गेला. वर बायकांसाठी झरोके आहेत, खालचं गाणंबजावणं तिथून बघायचं. मी दर वेळी खाली उभी राहून वर बघते आणि विचार करते की इतक्या उंचावरून त्यांना दिसत काय असेल, गवयाची पगडी?

सयाजीरावांची पहिली राणी तंजावरची, तिकडच्या मराठ्यांच्या घरातली, आणि लग्नात तिच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आल्या. म्हणजे गुजरातेत, मराठी राजाकडे, तमिळ मुलखातला नाच. आपल्याला हल्ली हे असलं काही ऐकलं की फ्यूजन वगैरे शब्द सुचतात, त्यांच्याकडे तो आपला घरचा मामला होता. त्यांचे दिवाण टी. माधवराव, ते पण तंजावरकडचेच मराठी, आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे! आणि त्रावणकोरची ओळख असल्यामुळेच राजा रविवर्मा बडोद्याला आला. राजवाड्यासाठी त्याच्याकडून रामायण-महाभारतातली चौदा चित्रं काढून घेतली. ती आणि इतर चित्रं बघायची तर आवारातलं महाराजा फतेसिंह म्युझियम बघा, त्याचं तिकीट वेगळं असतं आणि लोक दमून ते सोडून देतात, सोडू नका. ही इमारत राजपुत्रांची शाळा होती आणि मुलांना शाळेत न्यायला आवारातच छोटी रेल्वे टाकलेली होती. शाळेत जायला स्वतःची रेल्वे. आमच्याकडे केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसचा, पास होता.

त्या चित्रांसमोर उभं राहिलं की एक गंमत होते. नऊवारीतल्या देव्या बघून बाजूच्या एक काकू म्हणाल्या, "अगं ही तर आमच्या कॅलेंडरवरची." बरोबरच आहे त्यांचं. चित्रं छापून घराघरात जाऊ देत हा सल्ला माधवरावांनीच रविवर्म्याला दिला होता आणि 1894 मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती त्याच छापखान्यातून आलेली.

आता गेटबाहेरचं. राजवाड्यातून निघालात की रिक्षा करा आणि कमाटी बागेत जा, सयाजीबाग म्हणतात. म्युझियम, झू, सगळं आहे तिथे, पोरं बरोबर असतील तर ती खूश. पण मी सांगतेय ते संकल्प भूमीबद्दल. सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना 1913 मध्ये अमेरिकेत शिकायला स्कॉलरशिप दिली हे आपण सगळे शाळेत शिकलोय. त्या बदल्यात बडोदा संस्थानात नोकरी करायची असा करार होता म्हणून 1917 ला बाबासाहेब बडोद्याला आले, एवढा कोलंबियात शिकून आलेला माणूस, आणि गावात राहायला कोणी खोली देईना. शेवटी पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत ते कमाटी बागेत बसून होते. ती जागा ही. तारीख 23 सप्टेंबर 1917.

मला सयाजीराव मनापासून आवडतात. 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलेला राजा आहे तो, गावोगाव लायब्ररी काढल्या, बँक ऑफ बडोदा 1908 ची. त्यांच्यावर चिखलफेक करायची म्हणून मी हे सांगत नाहीये. पण एवढा चांगला राजा, एवढा मोठा राजवाडा, आणि तिथून काही किलोमीटरवर त्याच्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळत नाही, हे दोन्ही एका दिवसात बघितलंत तर तो दिवस वेगळाच जातो. नुसतं राजवाडा बघून, सेल्फी काढून (बाहेरून!) परत आलात तर तुम्ही अर्धंच बडोदं बघितलंत.

ग्वाल्हेरचा जय विलास हा प्रकार वेगळा. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधला, प्रिन्स ऑफ वेल्स येणार होता त्याच्या थाटासाठी. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, आणि ती टांगण्याआधी छत पेलतंय का बघायला वर दहा हत्ती चढवले असं सांगतात. हत्ती वर नेले कसे असं विचारलं तर म्हणे उतार बांधला होता. बरं. मला स्वतःला झुंबरांपेक्षा जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आवडते. लांबच लांब टेबल, त्यावर खरे रूळ, आणि त्यावरून ब्रँडी आणि सिगार घेऊन गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची, कोणी सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की निघाली पुढे. जयाजीरावांचे चिरंजीव माधवराव शिंदे, त्यांना रेल्वेचं वेड होतं, संस्थानात खरी छोटी रेल्वे पण होतीच. बारकाईने बघा, डब्यांवर एकेक अक्षर मिळून शिंद्यांचं इंग्रजी नाव होतं. मी तिथे इतका वेळ वाकून बघत उभी होते की वॉचमन म्हणाला "मॅडम चलती नहीं है अब".

आणि इथलं गेटबाहेरचं म्हणजे फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून 1858 मध्ये राणी ग्वाल्हेरला लढताना पडली, आणि जयाजीराव त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी तोच राजा इंग्रजांच्या युवराजासाठी हा महाल उभारतो. आतमध्ये याबद्दल फारसं काही कानावर पडत नाही, अर्थात त्यांचं घर आहे, ते कशाला सांगतील. समाधीवरून रिक्षाने महाराज बाड्यावर जा, लष्कर भागात अजून मराठी पाट्या, मराठी आडनावं दिसतात.

इंदूरबद्दल थोडक्यात कारण इंदूरला सगळे खायलाच जातात आणि मीही त्याला अपवाद नाही, सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली. मधल्या वेळात राजवाडा. सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, आणि बिचारा इतक्यांदा जळलाय, शेवटचा 1984 च्या दंगलीत, की समोरचा दरवाजा तेवढा जुना दिमाख दाखवतो आणि मागचं पुन्हा बांधलेलं. लालबाग पॅलेसचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाची नक्कल. स्वयंपाकघर नदीपलीकडे ठेवलेलं आणि जेवण भुयारातून यायचं, म्हणजे वास नको, धूर नको, नोकर दिसायला नको. गरम पोळी राजापर्यंत पोचत असेल का याची मला खरंच काळजी वाटली.

आणि माणिकबाग! यशवंतराव होळकरांनी 1930 च्या सुमारास एका जर्मन आर्किटेक्टकडून करून घेतलेला एकदम मॉडर्न बंगला, स्टीलचं फर्निचर, सगळं युरोपातून आणलेलं. ते फर्निचर 1980 मध्ये परदेशात लिलावात विकलं गेलं आणि बंगल्यात आता टॅक्सवाल्यांचं सरकारी ऑफिस आहे. बाहेरून बघून यायचं.

इंदूरचं माझं गेटबाहेरचं जरा लांब आहे, महेश्वर. अहिल्याबाईंचा वाडा. हे सगळे महाल बघून झाल्यावर तिथे गेलात तर आधी वाटेल, एवढंच? लाकडी खांब, चौक, तुळस, आणि बैठक म्हणजे साधी पांढरी गादी-लोड. अख्ख्या हिंदुस्थानात घाट आणि देवळं बांधणारी बाई ही, काशीचं विश्वनाथ मंदिर तिने उभं केलं, आणि स्वतःसाठी हे. इथे रोज मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात, तिच्या काळापासूनची पद्धत. किल्ल्याचा एक भाग हॉटेल आहे, माझ्या बजेटबाहेरचं, पण घाटावर बसायला पैसे लागत नाहीत.

आता कामाचं. लक्ष्मी विलास सोमवारी बंद असतो, जय विलासचाही सुट्टीचा वार निघण्याआधी बघून घ्या, आणि त्या हिशोबाने वार लावा, नाहीतर फाटक बघून परत याल. मुंबईहून इंदूरला जाणारी अवंतिका बडोद्यावरूनच जाते पण मध्यरात्री, त्यामुळे आईवडील बरोबर असतील तर दिवसाची दुसरी गाडी किंवा बस बघा. इंदूर ते ग्वाल्हेर रात्रभराचा प्रवास धरा. मे महिन्यात अजिबात जाऊ नका, ग्वाल्हेरला तर नाहीच नाही. आणि चपला सॉलिड घाला, हे महाल ज्यांनी बांधले ते चालत नव्हते.